येते म्हणावं

माझी सून घरातून निघताना "जाते" म्हणायची. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने पर्स खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या आणि "जाते हं आई" म्हणून जिना उतरायलासुद्धा लागली. मी हातातली चाळणी तशीच घेऊन दारात धावले. "अगं, जाते काय? येते म्हणावं!" ती अर्ध्या जिन्यात थांबली, वर बघून म्हणाली, "पण जातेच आहे ना मी?"

आठ वर्षं आमचा हा वाद चालला. मी काही शकुन-अपशकुन मानणारी बाई नाही. पस्तीस वर्षं सिस्टर म्हणून राबले, किती माणसांचे डोळे या हातांनी मिटले त्याची गणती नाही. पण घरातलं माणूस "जाते" म्हणून उंबऱ्याबाहेर पडलं की ते परत येईपर्यंत माझं लक्ष दाराकडेच असतं. निघणाऱ्याने "येते" म्हणायचं, मागे राहणाऱ्याने "ये" म्हणायचं, आणि ते "ये" कानावर पडल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. यात अवघड काय आहे? सून म्हणायची, "आई, तुम्ही चुकून सिस्टर झालात. हवालदार व्हायला हवं होतं."

ती भूल देणारी डॉक्टर होती, माझ्याच हॉस्पिटलात. घरी मी सासू आणि ती सून, तिथे ती "डॉक्टर" आणि मी "सिस्टर". सकाळी ओल्या टॉवेलवरून आमची चांगली जुंपायची आणि दहा वाजता मी तिच्यापुढे कागद धरून म्हणायची, "डॉक्टर, इथे सही करता का?" तीही मानभावीपणे म्हणायची, "हो सिस्टर, द्या ना." माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणायचा, "तुम्ही दोघी घरीही असंच बोलत जा, म्हणजे मला दोन घास सुखाने जेवता येतील."

मग ती साथ आली आणि हसण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

श्वास अगदीच चालेनासा झाला की रुग्णाच्या घशातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते. नळी घालणाऱ्याचं तोंड रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. त्या क्षणी रुग्ण खोकला, तर त्याच्या छातीत जे काही असेल ते सगळं हवेत उडतं आणि थेट समोरच्याच्या अंगावर येतं. हे काम माझी सून करायची. दिवसातून तीनदा, चारदा. हात तिचे लहान पण फार सफाईदार, डोळ्याचं पातं लवायच्या आत नळी जागेवर. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही. सुनेचं तोंडावर कौतुक करायची आमच्या पिढीला सवय नाही, आणि आता त्याचा फार पश्चात्ताप होतो.

आयसीयूच्या बाहेर पूर्वी चादरी ठेवायची एक अरुंद खोली होती. ती रिकामी करून तिथे कपडे चढवायची जागा केली. एक दार बाहेरच्या बोळाकडे, एक काचेचं दार आत. जमिनीवर लाल पट्टी, एक स्टूल, एक आरसा, भिंतीवर यादी. आणि त्या खोलीत मी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मी तपासायची. गाऊनच्या नाड्या, हातमोज्यांच्या दोन जोड्या, मनगटावरची चिकटपट्टी, चेहऱ्यावरची काच. सगळ्यात महत्त्वाचा मास्क. त्याचे दोन पट्टे, एक डोक्याच्या वरच्या बाजूला आणि एक मानेवर. मी हाताची मागची बाजू सॅनिटायझरने ओली करायची, मास्कच्या कडेकडेने फिरवायची आणि म्हणायची, "फुंका जोरात." कुठून हवा निसटत असेल, तर तेवढ्या जागी हाताला गार लागतं. गार लागलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी सांगेपर्यंत कुणी आत जायचं नाही. आत माणूस निळा पडत असला तरी नाही. यावरून डॉक्टर लोक माझ्याशी भांडले. एक तर रडकुंडीला आला, "सिस्टर, तो मरेल!" मी म्हटलं, "आणि तुम्ही पडलात तर पुढच्या दहा जणांना नळी कोण घालणार, मी?" मागून मला हवालदार म्हणायचे. नाव सुनेनेच पुरवलं असणार.

पण एक घोळ व्हायला लागला. टोपी, मास्क, काच असं सगळं चढवलं की कानाला नीट ऐकू येत नाही. मी कधी "ठीक आहे" म्हणायची, कधी "हं", कधी नुसती मान हलवायची. एकदा मी फोनवर कुणाला तरी "हं" म्हटलं आणि एक डॉक्टर तेवढ्यावर दार ढकलून निघाला. त्याला गाऊनला धरून मागे ओढला. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे भूल विभागाच्या प्रमुखांनी, सगळ्यांना बोलावलं. एकच शब्द ठरवा म्हणाले.

माझी सून उभी राहिली. "सर, शब्द आमच्या घरात तयार आहे. जाणाऱ्याने 'येतो' किंवा 'येते' म्हणायचं, आणि सिस्टर 'ये' म्हणाल्या की मगच पाय उचलायचा. आठ वर्षं मी हेच शिकतेय." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, मोठ्या सरांनाही "ये" म्हणायचं का? मोठे सर म्हणाले, "मला तर माझी आई गेल्यापासून कुणी 'ये' म्हटलंच नाही. चालेल." मग सूनच पुढे म्हणाली, "फक्त एक. त्या खोलीत हा शब्द दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. कुणाला बोलवायचं असेल, तर हाताने खूण करायची." तिने ते यादीखाली लाल पेनने लिहिलंसुद्धा.

त्या दिवसापासून ती दारात उभी राहून मला खणखणीत आवाजात "येते" म्हणायला लागली. घरी आठ वर्षांत जे जमलं नाही, ते तिथे जमलं. सगळे एकसारखे दिसतात म्हणून गाऊनवर छातीशी नाव लिहायची पद्धत होती. हिने स्वतःच्या गाऊनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सूनबाई". मग काय, सगळा वॉर्ड तिला सूनबाई म्हणायला लागला. मी वरवर चिडले. आतून मला बरं वाटलं होतं.

आम्ही दोघी तेव्हा हॉस्पिटलच्या वसतिगृहातच राहत होतो. घरी मुलगा आणि पाच वर्षांची नात. नातीला आम्ही खारू म्हणतो, कारण सापडेल ती वस्तू ती खिशात साठवते. बटणं, बिया, पेन्सिलीची टोकं. रविवारी दुपारी आम्ही दोघी घरासमोरच्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहायचो आणि खारू पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आमच्याशी बोलायची. निघताना तिचा नियम कडक. "आई, येते म्हण." सून वर बघून "येते" म्हणायची. खारू गजांना नाक चिकटवून ओरडायची, "ये!" मगच आम्ही वळायचो. सून मला म्हणायची, "बघा, तुमची गादी चालवणारी तयार झाली."

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळचे अकरा वाजले असतील. सहा नंबरच्या खाटेवरचे गृहस्थ एकदम खालावले. चष्मे विकायचं दुकान होतं त्यांचं, आदल्या दिवशी माझ्या चष्म्याची दांडी सैल आहे म्हणून काचेतून खुणा करत होते. सून धावत आली आणि कपडे चढवायला लागली. तिच्या मास्कचा पट्टा ओढताना तुटला. मी दुसरा मास्क दिला. तिने तो लावला, वरचा पट्टा डोक्यावर बसवला. तेवढ्यात आतून सिस्टरने काचेवर थाप मारली आणि बोटांनी सांगितलं, घशातला कफ ओढायचं मशीन बंद पडलंय, दुसरं हवंय.

दुसरं मशीन पैलवान घेऊन येत होता. पैलवान म्हणजे आमचा वॉर्डमधला मदतनीस, पन्नाशीचा, अंगाने काडी, म्हणून पैलवान. तो मशीन ढकलत बोळातल्या दारापर्यंत आला आणि लाल पट्टीशी थबकला. मीच त्याला दहा वेळा दरडावलं होतं की विचारल्याशिवाय पट्टी ओलांडायची नाही. मी सुनेकडे पाठ करून त्याच्याकडे वळले. त्याने विचारलं, "सिस्टर, येऊ का?"

आणि मी ओरडले, "अरे, ये!"

माझ्या पाठीमागे सून टोपी आणि काच चढवून उभी होती. तिने "येते" म्हटलं होतं. मला ते ऐकू आलं नव्हतं, पैलवानाला आलं होतं, त्याने नंतर रडत रडत सांगितलं. तिने "येते" म्हटलं, आणि लगेच तिला "ये" ऐकू आलं.

मी वळले तेव्हा स्टुलाशी कुणी नव्हतं. आतलं दार हलत होतं. मी काचेशी गेले. सून रुग्णाच्या डोक्याशी पोचली होती, माझ्याकडे पाठ. तिच्या टोपीखालून, मानेवरून, मास्कचा खालचा पट्टा लोंबत होता. पिवळा. म्हणजे हनुवटीखाली मास्क उघडा होता.

मी दोन्ही हातांनी काच बडवली. तिने मान वळवून पाहिलं. मी माझ्या मानेवर हात मारून दाखवला. तिला कळलं. तिचे डोळे मला दिसले, तिला नक्की कळलं. पण ती पोचताच आतल्या सिस्टरने भुलीचं औषध देऊन टाकलं होतं. आता त्या माणसाचा स्वतःचा श्वास थांबणार होता, नळी घालणारी आत दुसरी कुणी नव्हती, आणि बाहेरच्या कुणाला तयार व्हायला पाच मिनिटं लागली असती. तिने मान हलवली, नाही अशी, आणि खाली वाकली. औषध पुरतं चढलं नव्हतं. तो माणूस खोकला. दोनदा.

नळी मात्र तिने पहिल्याच प्रयत्नात घातली.

सहाव्या दिवशी तिला ताप आला. नवव्या दिवशी ती त्याच आयसीयूत, तीन नंबरच्या खाटेवर होती. मला सगळ्यांनी घरी जा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, दार माझं आहे. दुपारी कामातून मोकळी झाले की मी काचेशी उभी राहायची आणि ती खाटेवरून फोनवर बोलायची. धाप लागायची म्हणून चार-चार शब्द. खारूने खाल्लं का. याचा, म्हणजे माझ्या मुलाचा, खोकला गेला का.

अकराव्या दिवशी मी विचारलंच. आडून आडून नाही, सरळ. "तू त्या दिवशी तपासून न घेता आत का गेलीस?"

ती म्हणाली, "घाई झाली, आई. मीच थांबले नाही." श्वास घेतला. "तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकूच आलं नाही."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बोळात आले, भिंतीला टेकले, आणि मग माझ्या लक्षात आलं. मी काही म्हणाले होते, हे तिला मी सांगितलंच नव्हतं. पैलवानाला तर मी कुणाला न सांगायची शपथ घातली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. सगळं कळलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने माझ्यासाठी हे खोटं जुळवून ठेवलं होतं, मी कधी ना कधी विचारणार म्हणून. एवढी माया तिच्या पोटात होती, आणि मी आठ वर्षं ओला टॉवेल, ओला टॉवेल करत बसले.

तेराव्या दिवशी मोठे सर माझ्या खोलीत आले. त्यांनी गाऊन उचलला. मला विचारायची गरज नव्हती. तिला नळी घालायची वेळ आली होती.

मी त्यांच्या मास्कचे दोन्ही पट्टे तीन तीनदा ओढून पाहिले. हात फिरवला, फुंकायला लावलं. कुठे गार लागलं नाही. त्या दिवसापासून दारातला शब्द बंद झाला होता. माझ्या तोंडून तो निघत नव्हता, म्हणून मी पाठीवर दोन थापा मारायची. सरांच्या पाठीवर मी दोन थापा मारल्या आणि ते आत गेले.

मग माझा फोन वाजला. काचेतून दिसत होतं, आतल्या सिस्टरने तिच्या कानाशी फोन धरला होता.

"आई," ती म्हणाली. "येते."

माझ्याकडे बघत होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केस कपाळाला चिकटलेले. सरांच्या हातात औषधाची सुई तयार. सगळे माझ्या एका शब्दासाठी थांबले होते. तिला ठाऊक होतं, मी म्हटल्याशिवाय निघायचं नाही. मीच शिकवलं होतं ते.

एक अक्षर. "ये" म्हणजे एक अक्षर. मी तोंड उघडलं आणि ते अक्षर बाहेर आलंच नाही. हाच शब्द माझ्या तोंडून गेला आणि ही इथे आली, आता पुन्हा तोच कसा म्हणू, एवढंच डोक्यात घणघणत होतं. मी हात काचेवर टेकवला. मान हलवली. ती वाट बघत होती. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली खाली चालला होता. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्यांना थांबता येईना, त्यांनी औषध दिलं. तिचे डोळे मिटेपर्यंत माझ्याकडे होते.

आठ दिवसांनी ती गेली. मी तिला "ये" म्हटलं नव्हतं.

चष्मेवाले गृहस्थ बरे होऊन घरी गेले. जाताना मुलीचा हात धरून माझ्या खोलीच्या दाराशी आले, आणि ज्यांनी नळी घातली त्या सूनबाईंना भेटायचंय म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. मी म्हटलं, सुट्टीवर आहेत. ते म्हणाले, मग माझा नमस्कार सांगा. मी सांगते म्हटलं.

मी नोकरी सोडली. मुलाला सगळं सांगितलं, पट्ट्यापासून फोनपर्यंत. त्याने ऐकून घेतलं, उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ परत आला नाही. नंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. माझ्या ताटात मात्र अजून तोच वाढतो. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग शाळा उघडल्या. पहिल्या दिवशी खारू दप्तर लावून उंबऱ्याशी उभी राहिली. खाली रिक्षा थांबली होती. "येते, आजी," ती म्हणाली. मी हात हलवला. ती हलेना.

"आजी, ये म्हण ना."

"उशीर होतोय. नीघ आता."

"ये म्हणाल्याशिवाय कशी निघू?" तिच्या खिशात कसली तरी बटणं वाजत होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आईला म्हणाली होतीस तू? ती येते म्हणाली तेव्हा?"

खालून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. मी गुडघ्यावर बसले, तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला.

"हो," मी म्हणाले. "म्हणाले होते."

ती माझ्या गालाला हात लावून, मला समजावावं तशी म्हणाली, "मग तिला ऐकूच आलं नसेल, आजी."

ती वळली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन थांबली. पाठ माझ्याकडेच होती. "येते," ती म्हणाली.

"ये," मी म्हणाले. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. मग ती उतरायला लागली.